उद्यापासून नक्की

(१९८८ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे. मधली जेवणाची घोषणा तेवढी गाळली.)

व्यासपीठावर बसलेले आपले सर आणि बाई, माझ्या बॅचचे मित्र-मैत्रिणी, त्यांच्याबरोबर आलेले आणि आता घड्याळाकडे बघू लागलेले नवरे-बायका, आणि पुढे सतरंजीवर बसलेली यंदाच्या दहावीची मुलं-मुली,

समितीनं मला दोन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं की दहावीच्या मुलांसमोर वीस मिनिटं बोल. विषयही दिला होता, अभ्यासात लक्ष कसं लावायचं आणि चालढकल कशी टाळायची. दोन महिने हातात होते. हे भाषण मी काल रात्री साडेअकराला लिहायला घेतलं. (हशा)

हसू नका, मागच्या रांगेतल्यांनी तर अजिबात नको. समितीला वाटलं असेल, हा बँकेत अधिकारी आहे, म्हणजे शिस्तीचा माणूस असणार. आपल्या बॅचमध्ये तीन डॉक्टर आहेत, इंजिनीअर तर मोजलेच नाहीत. त्यांना बोलावलं असतं तर अभ्यास कसा करायचा ते त्यांनी सांगितलं असतं. मला फक्त अभ्यास कसा होत नाही ते नीट माहीत आहे. त्यात माझा अनुभव मोठा आहे, म्हणून मी हो म्हटलं.

आमचं घर बाजारपेठेच्या मागच्या आळीत, दोन खोल्यांचं. वडील रसायनीच्या एका कारखान्यात, शिफ्ट ड्युटीवर. मी दहावीत गेलो तेव्हा त्यांनी सुताराकडून एक टेबल करून घेतलं. बाहेरच्या खोलीत, खिडकीशी. त्यावर वाकणारा दिवा. ते टेबल माझं. संध्याकाळी कुणी शेजारीण आली की आई दारातूनच सांगायची, ‘आत अभ्यास चाललाय.’ रेडिओचा आवाज कमी व्हायचा. रात्रपाळी करून आलेले वडील दिवसा झोपायचे तेही आतल्या खोलीत, उकाड्यात, कारण बाहेर माझं टेबल.

त्या टेबलावर मी काय केलं? पहिली गोष्ट, वेळापत्रक. जून १९८७ मध्ये स्केचपेनं आणून चार रंगांत केलं. पहाटे पाच ते सहा संस्कृत, सहा ते सात भूमिती, असं. एक दिवस चुकला की ते वेळापत्रक मला बघवेना. मग नवीन करायचं, सोमवारपासून लागू. सोमवार चुकला की एक तारखेपासून. मग गणपतीनंतर, मग दिवाळीनंतर, मग गॅदरिंगनंतर, मग प्रिलिमनंतर. वह्यांना कव्हरं घातली. पेन्सिलींना टोक केलं. नवनीतची गाइडं आणि एकवीस अपेक्षितचे संच आणले, त्यांनाही कव्हरं घातली. टेबल इतकं आवरलेलं असायचं की आई पाहुण्यांना दाखवायची.

तुम्हा मुलांना वाटतं की मोबाइल नव्हता म्हणजे आमच्याकडे लक्ष विचलित करायला काही नव्हतं. तसं काही नाही. रविवारी सकाळी रामायण असायचं. आळीत टीव्ही एकच, त्यामुळे चांगली जागा मिळावी म्हणून तासभर आधी जाऊन बसायचं. त्याच वर्षी रिलायन्स कप झाला. ५ नोव्हेंबर १९८७, गुरुवार, वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध उपांत्य सामना. ग्रॅहम गूचनं स्वीप मारून मारून ११५ काढले, आपण ३५ धावांनी हरलो, आणि त्या दुःखात माझा पुढचा आठवडा गेला. पुढे वाचनात आलं की सामन्याआधी गूच नेटमध्ये डावखुऱ्या फिरकीवर फक्त स्वीपचा सराव करत होता. म्हणजे अभ्यास करून आलेला माणूस त्या दिवशी तोच होता.

दहावीला मला ६४ टक्के पडले. वाईट नव्हते. मी सायन्सला गेलो, वडिलांना मी इंजिनीअर व्हायला हवा होतो. क्लास लावला. क्लासची फी वडिलांनी कशी भरली ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. शिफ्टवरून आले की ते एकच विचारायचे, ‘झाला का अभ्यास?’ मी म्हणायचो, ‘झाला.’ दोन वर्षं मी रोज हे सांगितलं. १९९० चा बारावीचा निकाल लागला तेव्हा ते गुणपत्रिका हातात घेऊन बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, ‘कॉमर्सला जा.’ एवढंच. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

आता खरी गोष्ट. ती मी सांगणार नव्हतो. काल रात्री हे भाषण बहिणीला फोनवर वाचून दाखवलं. ती याच शाळेची, आपल्या दोन वर्षं मागची, आज मागे तिसऱ्या रांगेत बसली आहे. ऐकून ती म्हणाली, ‘दादा, टेबलाचं सांगतोस तर पुरतं सांग.’

माझी बारावी आणि तिची दहावी एकाच वर्षी होती, मार्च १९९० ला. टेबल माझ्याकडे. ती रात्री जेवणं झाली, भांडी घासून झाली, की स्वयंपाकघरात पाटावर बसायची, ओट्याला पाठ लावून. साडेनऊ ते साडेदहा. साडेदहाला दिवा बंद, कारण वडिलांना पहिल्या पाळीला पहाटे उठायचं असायचं. तेवढाच एक तास तिला मिळायचा. त्या वर्षी जानेवारीत तिनं मला विचारलं होतं, ‘तू संध्याकाळी वडाळे तळ्यावर जातोस, तेवढा वेळ मी टेबलावर बसू का?’ मी म्हणालो, ‘माझी पुस्तकं पसरलेली आहेत, हलवू नकोस.’ पुस्तकं पसरलेली होती हे खरं आहे. मी तळ्याच्या काठावर मित्रांबरोबर शेंगा खात बसलेलो असायचो हेही खरं.

तिला दहावीला ७८ टक्के पडले. तिलाही सायन्सला जायचं होतं. माझ्या क्लासवर इतका खर्च होऊन बसला होता की दोघांचं झेपणार नाही असं घरात ठरलं. ती आर्ट्सला गेली, मग डी.एड. केलं, आणि आज रायगड जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिच्या हाताखालून किती मुलं गेली ते तिचं तिलाच माहीत. ती सुखी आहे, तक्रार करत नाही. पण टेबल वाया गेलं होतं आणि ते कुणाच्या वाट्याचं वाया गेलं हे मी ३५ वर्षं कुणासमोर बोललो नव्हतो.

मी तिला काल विचारलं, ‘तुझं लक्ष कसं लागायचं गं?’ ती म्हणाली, ‘लक्ष लागतंय का हे बघायलाच वेळ नव्हता. साडेदहाला दिवा जायचा.’ आता यावरून मुलींना कमी वेळ दिला की त्या चांगला अभ्यास करतात असा निष्कर्ष कृपा करून कुणी काढू नका. आमच्या पिढीनं तो काढून झालाय.

पण तिच्या बोलण्यावर मी विचार केला. माझ्याकडे वेळ होता, पण त्या वेळेला कड नव्हती. संध्याकाळी सात ते रात्री अकरा, केव्हाही बसलं तरी चालेल. म्हणजे केव्हाच बसायला नको. आणि बसायचं ते ‘मूड’ आला की. हा मूड फार लबाड प्राणी आहे. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात टिमोथी पिचिल नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी अनेक वर्षं चालढकलीवरच काम केलं. त्यांचं म्हणणं असं की माणूस काम टाळतो ते आळसानं किंवा वेळेचं गणित जमत नाही म्हणून कमी, आणि त्या कामानं मनात जे नकोसं वाटतं त्यापासून पळण्यासाठी जास्त. मला ते वाचल्यावर बारावीचं फिजिक्स आठवलं. पुस्तक उघडलं की पोटात गोळा यायचा, कारण मागचे दोन धडे झालेले नसायचे आणि तिसरा कळायचा नाही. पुस्तक मिटलं की बरं वाटायचं. ‘उद्यापासून नक्की’ म्हटलं की आणखी बरं वाटायचं, जणू अर्धा अभ्यास झाला. मग दुसऱ्या दिवशी तीन धडे राहिलेले असायचे, आणि गोळा मोठा.

तेव्हा, मुलांनो, तुम्ही चालढकल करत असाल तर स्वतःला आळशी म्हणून घेऊ नका. मी आळशी नव्हतो. चार रंगांत वेळापत्रक करणारा मुलगा आळशी नसतो. मी घाबरलेला होतो आणि हे कुणाला सांगायची मला लाज वाटायची. आपले गणिताचे सर इथे समोर बसलेत, त्यांच्या घरी मी एकदा जरी गेलो असतो आणि म्हटलं असतं, ‘सर, मला मागचं येत नाही,’ तर त्यांनी खुर्ची ओढून बसवलं असतं. ते शाळा सुटल्यावरही वर्गात थांबायचे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बी.कॉम. झालो, १९९४ ला बँकेत क्लार्क म्हणून लागलो, फोर्टला. बँकेत सीएआयआयबी नावाची परीक्षा असते. ती पास झाली की पगारात जादा वाढ मिळते, बढतीला उपयोग होतो. माझ्याबरोबर लागलेले बसले, पास झाले. मी फॉर्म भरायचो, फी भरायचो, पुस्तकं आणून त्यांना कव्हरं घालायचो. परीक्षेच्या दिवशी मला ताप यायचा, खराखुरा, थर्मामीटरमध्ये दिसणारा. चार वर्षं हे चाललं. लग्न झालं. बायकोनं एकदा शांतपणे हिशेब करून दाखवला की चार वर्षांत न मिळालेल्या वाढीचे किती रुपये होतात. आकडा सांगत नाही. त्यात टेबलं बरीच आली असती.

यातून मी बाहेर कसा आलो? हार्बर लाइनमुळे. त्याआधी आम्ही पनवेलचे लोक मुंबईला कसे जात होतो ते बॅचमधल्या चाकरमान्यांना आठवत असेल. आधी एसटी, मग बेलापूरपर्यंत लोकल आल्यावर स्टँडवरून बेलापूर गाठायचं आणि पुढे लोकल. १९९८ मध्ये लोकल पनवेलला आली. गाडी इथूनच सुटणार, म्हणजे बसायला जागा. सीएसटीपर्यंत ४९ किलोमीटर, साधारण एक तास वीस मिनिटं.

पहिले तीन महिने तेही वाया गेले. आमच्या डब्यात पत्त्यांचा ग्रुप होता, पलीकडे भजनी मंडळ, झांजांसकट. दोन्हीकडे माझं वजन होतं. मग एका दिवशी उशीर झाला आणि धावत शेवटच्या डब्यात चढलो. तिथं ओळखीचं कुणी नाही. शेजारी टपाल खात्यातले एक काका, पेपर वाचत. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून बॅगेतलं पुस्तक काढलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच डब्यात गेलो. तिसऱ्या दिवशी काकांनी विचारलं, ‘काल कुठपर्यंत आलं होतं?’ बस. पुढचं वर्षभर ते हा एकच प्रश्न विचारत होते. त्यांना बँकिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण काल जिथपर्यंत आलं होतं त्याच्या पुढे आज गेलो नाही तर त्या माणसाला काय सांगायचं याची मला धास्ती असायची. वडिलांना ‘झाला’ असं खोटं सांगता आलं, कारण ते आतल्या खोलीत असायचे. काका मांडीला मांडी लावून बसलेले.

बेलापूर येईपर्यंत कालची उजळणी. बेलापूर ते वाशी नवीन भाग. वाशीनंतर गर्दी इतकी की पुस्तक उघडं धरायला जागा नाही, मग ते मिटून मांडीवर ठेवायचं आणि आताच वाचलेलं मनात आठवत खाडीपूल ओलांडायचा. मला वाटायचं हा वेळ नाइलाजानं फुकट जातोय. खूप नंतर कळलं की खरा अभ्यास तोच होता. अमेरिकेत सेंट लुइसला रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हापुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हापुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे. आपण घरी काय करतो? पिवळ्या हायलायटरनं पान रंगवतो आणि ‘वाचून झालं’ म्हणतो. डोळे ओळीवरून जातात आणि मन तळ्याच्या काठावर शेंगा खात असतं. पुस्तक मिटून काय आठवतं ते लिहायला घेतलं की हे लगेच उघडं पडतं. म्हणून ते नकोसं वाटतं आणि म्हणूनच ते करायचं.

दीड वर्षात मी ती परीक्षा पास झालो. ताप आला नाही.

मी हे का सांगतोय? कारण त्या दीड वर्षात माझा निश्चय वाढला नव्हता. मी तोच होतो. गाडी वेळेवर सुटायची म्हणून बसायची वेळ ठरलेली होती, उठायची वेळ ठरलेली होती, आणि शेजारी एक विचारणारा होता. या तिन्हींपैकी एकही गोष्ट माझ्या मनावर सोडलेली नव्हती. एमआयटीमध्ये एरियली आणि वेर्टेनब्रॉख यांनी २००२ मध्ये असंच काही दाखवलं. एका वर्गाला तीन निबंध द्यायच्या तारखा समान अंतरानं बांधून दिल्या. दुसऱ्या वर्गाला सांगितलं, तुमच्या तारखा तुम्हीच ठरवा. बांधून दिलेल्या तारखांच्या वर्गाला गुण जास्त मिळाले. एमआयटीत शिकायला आलेल्यांना जर तारीख बाहेरून लागते, तर आपण पनवेलकरांनी त्यात लाज मानायचं कारण नाही.

बरं, माझ्याकडे गाडी होती. गाडी नसेल त्यानं काय करायचं?

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे, वस्ती तीन हजारांच्या आसपास. कोविडनंतर शाळा भरल्या तेव्हा तिथल्या शिक्षकांच्या लक्षात आलं की मुलं वाचायला-लिहायला कंटाळतात, आणि घरी गेल्यावर हातात मोबाइल. हे सगळीकडेच झालं. वडगावनं पुढे काय केलं ते महत्त्वाचं. सरपंच विजय मोहिते यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, गावातल्या बायकांची सभा घेतली आणि एक भोंगा विकत घ्यायचं ठरलं. भोंगा देवळावर बसवला. संध्याकाळी सातला तो वाजतो. टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. साडेआठला पुन्हा वाजतो. मधला दीड तास अभ्यास, वाचन, नाहीतर घरच्यांशी बोलणं. आधी लोकांनी हसण्यावारी नेलं असणारच. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, समजावत. पुढे अशीच वेळ २०२४ च्या अखेरीस बेळगावजवळच्या हलगा गावानंही सुरू केली.

पेपरात याच्या बातम्या ‘डिजिटल डिटॉक्स’ म्हणून आल्या. मला त्यात दुसरीच गोष्ट मोठी वाटते. भोंगा मुलांसाठी वाजतो, पण टीव्ही बंद करायचा असतो आईबापांनी, आजीनं. सात ते साडेआठ म्हणजे मालिकांची वेळ. ती सोडणं हा त्याग आहे, हसू नका, दिवसभर शेतात राबलेल्या बाईचा तोच विसावा असतो. आणि सभा बायकांची घेतली, हे त्या सरपंचांना बरोबर सुचलं. घरातली शांतता कोण राखतं हे त्यांना ठाऊक होतं. दीड तास बसल्यानं मार्क वाढतातच असं मी म्हणणार नाही. बसवता येतं, शिकवून घेणं वेगळं. पण अख्ख्या गावानं मिळून मुलांच्या वेळेला कड आणली.

याचं फार जुनं उदाहरण आपल्याला माहीत आहे, पण आपण ते चुकीचं शिकतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लहानपणी परळच्या चाळीत एका खोलीत राहून शिकले. आपण मुलांना सांगतो, बघा किती जिद्द. जिद्द होतीच. पण खोली इतकी लहान की अभ्यासालाही नीट जागा नाही. म्हणून वडील रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत स्वतः जागे राहायचे, मग मुलाला उठवायचे आणि त्याच्या जागेवर आपण झोपायचे. मुलगा पहाटेपर्यंत वाचायचा. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. रात्री दोनचा तो भोंगा म्हणजे एक म्हातारा होत चाललेला माणूस होता, रोज. माझे वडील उकाड्यात आतल्या खोलीत झोपायचे ते त्याच जातकुळीचं होतं, हे मला कळायला उशीर झाला.

मोबाइलबद्दल एवढंच सांगतो, कारण त्यावर तुम्ही रोज ऐकता. टेक्सास विद्यापीठात २०१७ मध्ये एक प्रयोग झाला. काहींचा फोन टेबलावर पालथा, काहींचा खिशात किंवा बॅगेत, काहींचा दुसऱ्या खोलीत. सगळे बंद आवाजाचे. दुसऱ्या खोलीत फोन ठेवलेल्यांना चाचणीत चांगले गुण मिळाले. नंतर काहींनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक इतका स्पष्ट दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण आमच्या घरी मुलाच्या दहावीच्या वर्षी आम्ही तिघांचे फोन संध्याकाळी तांदळाच्या डब्यात ठेवायचो. तिघांचे. पहिल्या आठवड्यात सर्वात जास्त वेळा डब्याकडे कोण गेलं ते बायको सांगेल.

आणि दहावीच्या मुलांना माझ्या बहिणीचा एक निरोप. ती वर्गात सांगते ते असं. ‘उद्या गणित करणार’ असं म्हणायचं नाही. उद्या सातला, पाटावर, वर्गसमीकरणं, सरावसंचातलं तिसरं उदाहरण, असं आज रात्री कागदावर लिहून ठेवायचं. बसल्यावर ‘कुठून सुरू करू’ हा प्रश्नच उरू द्यायचा नाही, कारण पळवाट तिथंच असते. आणि मध्ये काही आठवलं, मैत्रिणीला विचारायचंय, पेन संपलंय, तर उठायचं नाही, शेजारच्या कागदावर लिहायचं. उठल्यावर बघायचं. ती म्हणते, उठल्यावर त्यातलं निम्मं करावंसंही वाटत नाही.

आता पनवेलचं काय? इथं भोंगा लावून चालणार नाही. एक तर हायवेच्या हॉर्नमध्ये तो ऐकू येणार नाही. आणि संध्याकाळी सातला तुमच्यातल्या निम्म्यांचे आईबाप खारघर ते खांदेश्वर दरम्यान गाडीत लोंबकळत असतात. नवीन पनवेल, कामोठे, कळंबोली, सगळीकडे तेच. घरी कुणी नसतं, किंवा आजी असते आणि तिचा टीव्ही. काही घरांत एकच खोली आहे, काही घरांत अजूनही टेबल दादाचं आहे. मी विचारतो म्हणून हात वर करू नका, मला माहीत आहे.

म्हणून बॅचच्या वतीनं मुख्याध्यापकांशी मागच्या आठवड्यात बोलणं झालं आहे. तळमजल्यावरचे शेवटचे दोन वर्ग सोमवार ते शनिवार संध्याकाळी सात ते नऊ उघडे राहतील, मार्चपर्यंत. दिवे आणि पंखे दुरुस्त करायचा खर्च बॅचनं उचलला आहे, तो आज पुरा जमला. फोन दाराशी पेटीत. आत शिकवायला कुणी नसेल, शिकवणी नाहीच आहे. एक मोठं माणूस स्वतःचं काहीतरी वाचत बसलेलं असेल आणि जाताना प्रत्येकाला एकच विचारेल, काल कुठपर्यंत आलं होतं. अडलं असेल ते पाटीवर लिहून ठेवायचं. गणिताच्या सरांनी शनिवारी येऊन ती पाटी बघायचं कबूल केलं आहे, वय ८१ असताना, त्यांना टाळ्या.

त्या मोठ्या माणसाच्या पाळ्या लावायच्या आहेत. वही मागे चहाच्या टेबलावर ठेवली आहे. मंगळवारी माझं नाव आहे, बुधवारी बहिणीचं, गुरुवारी आपल्या तीन डॉक्टरांपैकी एकीचं. सोमवार, शुक्रवार आणि शनिवार रिकामे आहेत. जेवायला जाताना वाटेतच वही लागते.